श्रावण पाळायचा आहे, पण सकाळी हात कापतात: दारू सोडवणाऱ्या गोळ्यांविषयी

आषाढ अमावास्या झाली की कोल्हापुरात मटणाच्या दुकानांपुढच्या रांगा ओसरतात आणि घरोघरी श्रावण लागतो. बऱ्याच घरांत त्या दिवशी आणखी एक नेम धरला जातो, "आता महिनाभर बाटलीला शिवणार न्हाई." आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर बसणाऱ्याला हा नेम सहज पेलतो. पण ज्याला उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, घोट लागतो, त्याने रोजची दारू एका रात्रीत बंद केली तर पहिल्या दोन दिवसांतच त्याला फिट येऊ शकते. तो भ्रमात जाऊ शकतो आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. घरचे मग म्हणतात, "बघा, सोडली आणि आजारी पडला," आणि औषध म्हणून त्याला पुन्हा दोन घोट पाजतात. चांगल्या मनाने धरलेला नेम तिथेच मोडतो.

हे टाळता येतं. त्यासाठी लागणारी औषधं जुनी, अभ्यासलेली आणि आपल्याकडे मिळणारी आहेत. अडचण इतकीच, की "दारू सोडवायची गोळी" या एकाच नावाखाली चार-पाच अगदी वेगळी औषधं येतात. कुठली कधी द्यायची याचा घोळ झाला की फायदा होत नाही, कधी अपायही होतो.

पितो आणि लागते, यातला फरक

दारूवर अवलंबून असणं म्हणजे शरीर आणि मेंदू दारू धरूनच चालायला लागणं. पूर्वी नाइन्टीत भागायचं, आता क्वार्टरनेही काही होत नाही. ठरवून बसलेला माणूस ठरवल्यावर थांबू शकत नाही. दारू तुटली की त्रास होतो आणि प्यायली की तो थांबतो. काम, घर, तब्येत बिघडत चालली आहे हे दिसत असूनही पिणं सुटत नाही. यातला सकाळचा घोट ही सगळ्यात सोपी खूण. हात स्थिर करायला, दात घासताना येणारी मळमळ थांबवायला दारू लागत असेल तर ते अवलंबित्व समजावं.

प्रमाणाचा हिशेबही एकदा करून ठेवा, डॉक्टर तो विचारतातच. व्हिस्की-रमचा ३० मि.ली. चा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १८० मि.ली. ची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. "थोडीशीच घेतात" असं सांगण्यापेक्षा "रोज दोन क्वार्टर, सकाळपासून" असं सांगितलं तर औषधाचा डोस बरोबर ठरतो. लाजेपोटी निम्मं सांगितलं तर औषधही निम्मंच पडतं आणि फिट येण्याचा धोका तसाच राहतो.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत. त्यांच्यापैकी ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते.

मेंदूतली कुस्ती

मेंदूत दोन जोर सतत चालू असतात. एक शांत करणारा, दुसरा चेतवणारा. दारू शांत करणाऱ्या बाजूने रेटते. रोजच रेटत राहिली की मेंदू तोल सांभाळायला चेतवणारी बाजू वाढवत नेतो. खासबागच्या मातीत दोन पैलवान डोक्याला डोकं लावून रेटत असतात ना, तसं. दोघेही जागेवर दिसतात, पण दोघांचाही पूर्ण जोर लागलेला असतो.

आता एक पैलवान अचानक बाजूला झाला तर दुसरा तोंडावर आपटणारच. दारू एकदम बंद केल्यावर हेच होतं. चेतवणारी बाजू तेवढ्याच जोरात चालू असते आणि तिला अडवणारं समोर कोणी नसतं. हात कापणं, घाम, धडधड, फिट, भास हे सगळं तिथून येतं. याला डॉक्टर विथड्रॉवल म्हणतात. मेंदूला पुन्हा तोल सापडायला आठवडा-दहा दिवस लागतात, पूर्ण सावरायला काही महिने. उपचाराचे दोन टप्पे याच हिशेबाने पडतात.

पहिला टप्पा: पहिले दहा दिवस

शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, उलट्या, बेचैनी सुरू होते, झोप उडते. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. सगळ्यात धोक्याची अवस्था दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चौथ्या दिवसापर्यंत गाठते. ताप, प्रचंड घाम, वाढलेला रक्तदाब, वेळ-जागा-माणूस न ओळखणं, अंगावरचे न दिसणारे किडे वेचत बसणं. तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गावाकडे हा प्रकार बाहेरची बाधा समजून माणसाला देवऋषाकडे नेलं जातं आणि मोलाचे तास जातात. ही तातडीने दवाखान्यात नेण्याची वेळ आहे, १०८ ला फोन करावा.

या टप्प्याचं मुख्य औषध क्लोरडायझेपॉक्साइड, जुने लोक त्याला लिब्रियम म्हणून ओळखतात. काही वेळा डायझेपाम देतात. कावीळ असेल, यकृत फार खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम, कारण ते शरीरात साचून राहत नाही. कुस्तीच्याच भाषेत सांगायचं तर निघून गेलेल्या पैलवानाच्या जागी दुसरा उभा करायचा आणि त्याला रोज एक पाऊल मागे न्यायचं. मध्यम त्रासाच्या माणसाला पहिल्या दिवशी दिवसभरात मिळून ८० ते १०० मि.ग्रॅ., तीन-चार वेळांत विभागून, असा क्लोरडायझेपॉक्साइडचा डोस बऱ्याचदा असतो. पुढे रोज साधारण पाचवा हिस्सा कमी करत आठवडा-दहा दिवसांत बंद. हा आकडा फक्त कल्पना यावी म्हणून दिला आहे. खरा डोस नाडी, रक्तदाब, थरथर आणि वजन बघून डॉक्टरच ठरवतात.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, गोळीने गुंगी आली म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद करणं. दुसरी याहून वाईट, गोळी घेऊन वर दारू पिणं. दोन्ही एकाच बाजूने रेटतात आणि श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. तिसरी, पंधरा दिवसांनी झोप येत नाही म्हणून उरलेल्या गोळ्या शोधणं. म्हणून या गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या ताब्यात ठेवाव्यात, मोजून द्याव्यात आणि उरल्या तर परत न्याव्यात.

हा टप्पा सगळ्यांनाच घरी जमतो असंही नाही. आधी कधी दारू तुटल्यावर फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, कावीळ, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, घरात रात्री लक्ष द्यायला कोणी नसेल, तर दाखल व्हावं.

ते इंजेक्शन ताकदीचं नाही

दारू बंद केल्यावर दवाखान्यात पिवळं इंजेक्शन देतात. त्यातलं महत्त्वाचं असतं थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१. लोक त्याला ताकदीचं इंजेक्शन म्हणून सोडून देतात, पण या उपचारातली ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

रोज पिणाऱ्याचं जेवण तुटतं, आणि जे पोटात जातं त्यातलं थायमिनही दारूमुळे नीट शोषलं जात नाही. मेंदूला साखर जाळायला थायमिन लागतं. साठा रिकामा असताना डॉक्टर नसलेल्या ठिकाणी किंवा घाईत कोणी नुसती ग्लुकोजची सलाईन लावली, तर उरलंसुरलं थायमिन ती साखर जाळण्यात संपतं. माणूस गोंधळतो, डोळे विचित्र फिरतात किंवा एकाच जागी अडकतात, चालताना तोल जातो. तिन्ही खुणा एकदम दिसतीलच असं नाही, एक दिसली तरी धावपळ करायची. हे वेळेत सावरलं नाही तर मागे कायमची विस्मृती राहू शकते. सकाळी कोण भेटलं ते दुपारी आठवत नाही आणि माणूस मधली रिकामी जागा मनाने रचलेल्या गोष्टींनी भरत राहतो.

म्हणून थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. साखर धोकादायक उतरली असेल तर थांबत नाहीत, दोन्ही बरोबर देतात. धोका जास्त असेल तर सुरुवातीचे काही दिवस शिरेतून थायमिनचे २०० ते ५०० मि.ग्रॅ. चे डोस दिले जातात, पुढे १०० मि.ग्रॅ. च्या गोळ्या काही आठवडे. सलाईन लावणाऱ्याला "थायमिन दिलं का?" एवढं विचारायला संकोच करू नका.

दुसरा टप्पा: पुन्हा हात जाऊ नये म्हणून

दहा दिवस झाले, हात स्थिर झाले, जेवण सुरू झालं. घरच्यांना वाटतं, सुटली. खरं तर बहुतेक माणसं पुन्हा घसरतात ती याच्या पुढच्या काही महिन्यांत, कारण फक्त विथड्रॉवल संपलेलं असतं, ओढ तशीच असते. ओढीवरची औषधं वेगळी.

नॅलट्रेक्सोन हे त्यातलं एक. दारू प्यायली की मेंदू स्वतःचीच सुखाची रसायनं सोडतो आणि ती ठरलेल्या जागांवर जाऊन बसतात. एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, नॅलट्रेक्सोन तसं काम करतं. जागा आधीच धरलेल्या असतात, त्यामुळे प्यायलं तरी नेहमीची मजा येत नाही आणि पहिल्या पेगनंतर दुसऱ्याची घाई कमी होते. ५० मि.ग्रॅ. ची एक गोळी रोज. मळमळ होऊ नये म्हणून सुरुवातीला अर्धी, जेवणानंतर. पिणं पूर्ण थांबलेलं नसलं तरी ती सुरू करता येते. मात्र ट्रामाडॉलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर अजिबात चालत नाही, ती सुटून आठ-दहा दिवस व्हावे लागतात. पाठदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्यांची पाकिटंही म्हणून सोबत न्या. ऑपरेशन किंवा अपघातात डॉक्टरांना कळावं यासाठी या औषधाची चिठ्ठी खिशात ठेवावी. आधी यकृताच्या तपासण्या लागतात.

अकॅम्प्रोसेट चेतवणाऱ्या बाजूची मागे रेंगाळणारी कुरकुर शमवतं. कारण नसताना वाटणारी बेचैनी, तुटक झोप, "काहीतरी पाहिजे" ही भावना त्याने कमी होते. पिणं थांबल्यावर सुरू केलं तर त्याचा उपयोग जास्त. ३३३ मि.ग्रॅ. च्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा. वजन ६० किलोंपेक्षा कमी असेल तर दिवसाला चार. यकृतावर भार नाही, पण मूत्रपिंडं नीट हवीत, त्यासाठी क्रिएटिनिन तपासतात. याची खरी अडचण दुपारच्या गोळ्यांची. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात शिफ्टला जाणाऱ्याचा दुपारचा डोस हमखास चुकतो. त्या दोन गोळ्या जेवणाच्या डब्यातच ठेवल्या तर चुकत नाहीत.

यकृत आकसलेलं असेल, पोटात पाणी झालं असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो, ५ मि.ग्रॅ. पासून हळूहळू वाढवत. ते एकदम बंद करायचं नसतं. टोपिरामेटही काही जणांना देतात. मुंग्या येणं आणि बोलताना शब्द न सुचणं हे त्याचे ठळक त्रास.

यांचा उपयोग होतो तरी किती? अनेक चाचण्या एकत्र करून २०१४ साली मांडलेल्या हिशेबात, अकॅम्प्रोसेट १२ जणांना दिलं तर औषधाशिवाय जो पुन्हा प्यायला असता असा एक जण वाचतो. ५० मि.ग्रॅ. नॅलट्रेक्सोनने १२ जणांत एक जण बेसुमार पिण्याकडे परत जाण्यापासून वाचतो. हा आकडा काहींना लहान वाटेल. रक्तदाब-कोलेस्टेरॉलच्या ज्या गोळ्या आपण वर्षानुवर्षं मुकाट घेतो, त्यांचे आकडे अनेकदा याहून फिके असतात.

"ह्यांना न सांगता दिली तर चालंल का?"

हा प्रश्न येतो तो डायसल्फिरामबद्दल, म्हणजे "घेऊन प्यायलं की उलटी होते" त्या गोळीबद्दल. विचारणारी बहुतेक वेळा बायको किंवा आई असते, सगळे उपाय करून थकलेली. तिचा राग येत नाही, पण उत्तर स्पष्टपणे नाही असंच आहे.

ही गोळी काम कशी करते ते पाहिलं की कारण कळतं. यकृत दारू दोन पायऱ्यांत मोडतं. पहिल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, दुसऱ्या पायरीवर ते निरुपद्रवी होतं. डायसल्फिराम दुसरी पायरी अडवतं. गुऱ्हाळात घाणा फिरतोय, रस काहिलीत पडतोय, खाली चुलाण पेटलंय, पण काहील उतरवायला कोणी नाही अशी गत होते. दहा ते तीस मिनिटांत चेहरा लाल, डोकं ठणकतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही ओढवू शकतो. हा गुण सापडला तोही असाच. १९४० च्या दशकात कोपनहेगनमधले दोन संशोधक हे द्रव्य जंतांवर चालतं का हे पाहण्यासाठी स्वतः घेत होते, आणि दारू प्यायल्यावर आजारी पडले.

आता ज्याला गोळीची कल्पनाच नाही तो माणूस नेहमीसारखी क्वार्टर रिचवणार. आमटीत मिसळून दिलेली ही गोळी म्हणजे विषबाधाच. ज्याला माहीत आहे तो मात्र पिण्याआधी थांबतो, आणि या औषधाचा सगळा उपयोग त्या थांबण्यातच आहे. "रुग्णाला न कळता दारू सोडवा" अशा जाहिरातीतल्या पुड्यांत नेमकं काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून त्यापासूनही लांब राहा.

माहिती देऊन, लेखी संमती घेऊन, शेवटच्या घोटानंतर किमान २४ तासांनी, बहुतेकदा २५० मि.ग्रॅ. रोज असं ते दिलं जातं. बायकोसमोर रोज सकाळी गोळी घ्यायची असं दोघांनी मिळून ठरवलं तर याचा गुण चांगला येतो, एकट्यावर सोडलं तर गोळी मोरीत जाते. हृदयविकार, यकृताचा मोठा आजार, मनोविकृतीचा इतिहास असेल तर देत नाहीत. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया येऊ शकते. खोकल्याची काही सिरप, होमिओपॅथीचे थेंब, द्राक्षासव-दशमूलारिष्टासारखी आसव-अरिष्टं, दाढीनंतरचं लोशन यांतही अल्कोहोल असतं. जुलाबावर सर्रास मिळणारं मेट्रोनिडॅझोल याच्यासोबत घेतलं तर भ्रम होऊ शकतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

एका नशेच्या जागी दुसरी?

ही शंका रास्त आहे, पण ती एकाच गटाला लागू पडते. क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम यांची सवय लागू शकते, म्हणूनच ती दहा दिवसांच्या आत आटोपतात. नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांनी नशा होत नाही आणि यांची ओढही लागत नाही. ती साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यायची, जन्मभर नव्हे.

डिप्रेशनच्या गोळ्यांचं वेगळं. रोजच्या दारूनेच मन काळवंडतं, आणि बऱ्याच जणांचं ते दारू सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांत आपोआप निवळतं. तोवर थांबून मग औषध ठरवतात. उदासी आधीपासूनची असेल किंवा जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र थांबत नाहीत. या गोळ्या उदासी घालवतात, दारूची ओढ नाही.

मग माळेचं काय?

आपल्याकडे पांडुरंगाची माळ गळ्यात घातली आणि दारू सुटली अशी माणसं गावोगावी दिसतात. ते खोटं नाही. माळेने नवी संगत मिळते, संध्याकाळ भजनात जाते, नकार द्यायला सगळ्यांना मान्य होईल असं कारण मिळतं. समुपदेशनात आणि एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' गटाच्या, बैठकीत हेच कमवायचं असतं, आणि गोळ्या या सगळ्याची जागा घेऊ शकत नाहीत. पण माळ पहिल्या चार दिवसांतली फिट थांबवत नाही. सकाळी हात कापत असतील तर माळ घालण्याआधी दहा दिवसांचा उपचार घ्या. गळ्यातली माळ आणि खिशातली गोळी यांचं काही वैर नाही.

कोल्हापुरात कुठे जायचं

सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, केसपेपर काढून मानसोपचार विभागाची ओपीडी विचारावी. चंदगड-आजऱ्याहून यायचं तर दिवस मोडतो, त्यामुळे आधी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलून घ्या. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेला मानसिक त्रासही आजारातच धरला आहे.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणार असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं, थायमिन देता का. माणसाला साखळीने बांधणं त्याच कायद्याने बंद आहे. ते दिसलं तर तिथून माणूस परत आणा.

आणि पुन्हा प्यायला तर?

हे होतं. हळदीत, जत्रेत, बोनसच्या दिवशी होतं. तेव्हा घरात भांडण करून सगळ्या गोळ्या फेकून देतात, आणि तिथे नुकसान होतं. एक दिवस प्यायला तर नॅलट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट चालूच ठेवायचं, डायसल्फिराम लगेच थांबवायचं. आठ-दहा दिवस सलग पिणं झालं असेल तर पुन्हा मनाने एकदम बंद करायचं नाही, कारण फिटचा धोका परत उभा राहिलेला असतो. डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: किती दिवस प्यायला, रोज किती, आणि शेवटचा घोट किती वाजता.